वर्गात आलात की आधी वह्या उघडा : केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी

सप्रेम नमस्कार.

शाळाभेट संपली की शेरेबुकात बहुतेक वेळा दोन ओळी एकीखाली एक येतात. पहिली शिक्षकाबद्दल असते : अध्यापन समाधानकारक, शैक्षणिक साहित्याचा वापर दिसला. दुसरी मुलांबद्दल : वाचन बरे, गणितात सराव हवा. खाली सही आणि तारीख. या दोन ओळींचा एकमेकींशी काय संबंध, ते त्या पानावर कुठेच लिहिलेले नसते. शिकवणे समाधानकारक असेल तर गणित कच्चे कसे राहिले? आणि गणित कच्चे असेल तर समाधान नेमके कशाचे झाले?

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. बरीच वर्षे शिकवते आहे, आणि तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच वर्गातून त्या खुर्चीपर्यंत गेलेले आहेत हेही जाणते. म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. शिक्षकाच्या सर्वांत जवळचा अधिकारी तुम्हीच. केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले तेच मुळी साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी माणूस शिक्षकांना शैक्षणिक मदत करायला हवा म्हणून.

माझे म्हणणे एवढेच आहे. मुलाने काल काय समजून घेतले त्यावरून आज शिक्षकाने काय करायचे ते ठरते. ते ठरवले गेले का, वर्गात काही बदलले का, हे तुमच्या भेटीत पाहिले जावे. आज फळा पाहिला जातो, भिंती पाहिल्या जातात, मुलांना दोन प्रश्न विचारले जातात, आणि या सगळ्याच्या मधोमध जे घडते तेच पाहायचे राहून जाते.

तिसरीच्या वर्गातले एक गणित घ्या. ५२ वजा २७. वर्गातली पाच-सहा मुले तरी ३५ उत्तर काढतात. मुलाला जवळ बसवून विचारा, तो अगदी ठामपणे सांगतो : "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले." त्याला हे कुणी शिकवले? आपणच. पहिलीपासून राज्यातल्या बहुतेक वर्गांत "लहानातून मोठे जात नाही" हे वाक्य रोज म्हटले जाते. मुलाने ते मन लावून ऐकले, लक्षात ठेवले आणि प्रामाणिकपणे वापरले. त्याची चूक आपल्या शिकवण्यातून उगवलेली आहे. आता त्याच्या नावापुढे "गणितात सराव हवा" असा शेरा पडला की काय होते? त्याला आणखी वीस उदाहरणे मिळतात, ती वीसही तो त्याच नियमाने सोडवतो आणि चूक पक्की होते.

याच मुलाच्या हातात खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपयांचे नाणे द्या आणि दुकानदाराला सत्तावीस रुपये द्यायला सांगा. दोन नोटा तो लगेच देतो, मग थांबतो, आणि स्वतःच म्हणतो, "बाई, एक नोट मोडावी लागंल." तिथे त्याला हातचा समजतो. नोट मोडली की सुट्टे बारा होतात हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मग ते कागदावर दशक-एकक असे मांडायला वेळ लागत नाही. पण इथपर्यंत यायला दोन-तीन दिवस जातात. वार्षिक नियोजनात त्या आठवड्यात गुणाकार लिहिलेला असतो. तुम्ही नेमके त्याच दिवशी आलात आणि विचारलेत, "घटक मागे का?", तर शिक्षकाने काय सांगावे? खरे उत्तर असे आहे की मुलांच्या वह्यांनी मला थांबवले. हे उत्तर शिक्षकाला न घाबरता देता आले पाहिजे. मी तर म्हणते, असे उत्तर देणाऱ्या शिक्षकाचे नाव तुम्ही केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत घ्यावे.

आता दुसरे उदाहरण. दुसरीत एकोणपन्नास लिहायला सांगितले. एका मुलीने ५१ लिहिले, दुसऱ्या मुलाने ५९. तपासताना दोघांनाही फुलीच मिळते. पण या दोन चुका सारख्या नाहीत. पहिलीने "एक" ऐकले, "पन्नास" ऐकले आणि दोन्ही जोडले. तिला एकोण म्हणजे एक कमी हे अजून उमगलेले नाही. दुसऱ्याला एकोण म्हटले की नऊ येतो हे माहीत आहे, तो फक्त पन्नासच्या पुढच्या घरात गेला. तो उत्तराच्या बराच जवळ आहे. त्याला मण्यांच्या माळेवर पन्नास दाखवून एक मणी मागे यायला सांगितले की बहुधा पुरते. मुलीला मात्र एकोणवीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे ओळीने ऐकवत, प्रत्येक वेळी माळेवर बोट ठेवायला लावत पुढे न्यावे लागते. दोघांचे गुण शून्य, आणि दोघांसाठी उद्याचे काम वेगळे. हे वेगळेपण गुणतक्त्यात दिसत नाही, वहीत दिसते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाचा बदल आला होता, सत्तावीस बरोबर "वीस सात" असेही वाचायचे. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो सुचवला होता आणि त्यावर राज्यभर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. भाषा बिघडणार का, यावर वाहिन्यांवर चर्चा झाल्या. त्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात. मला स्वतःला दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवणे बरे वाटते. पण तो बदल जिथून सुचला ती अडचण खरी आहे. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी, त्यामुळे कितीतरी मुले ऐकल्याप्रमाणे ३६ लिहितात. हे दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंना आणि गुरुजींना माहीत आहे. त्यावर प्रत्येकाने आपापल्या वर्गात काही ना काही तोड काढलेली असते. त्या तोडी एकमेकांना सांगण्याची जागा म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. ती परिषद तुम्ही घेता, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

कायद्याबद्दल एक गोष्ट. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे ही त्यात आहेतच. पण प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून त्यानुसार लागेल तशी जादा शिकवणी देणे हेही त्याच कलमात आहे. भेटीत पहिल्या दोन कर्तव्यांची विचारणा हमखास होते, या कर्तव्याची क्वचितच.

आपल्या राज्यात याच कायद्याला धरून २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० गुण आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीला, ३० असा भार ठरला. म्हणजे वर्षभर, शिकवता शिकवता मूल काय करते ते पाहण्याला अर्ध्याहून जास्त वजन. विचार फार चांगला होता आणि अजूनही आहे. प्रत्यक्षात काय झाले? प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी हव्यात म्हटल्यावर तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. "परिपाठात उत्साहाने सहभागी होतो", "शब्दसंग्रह चांगला आहे", "अक्षर सुधारणे आवश्यक". ही वाक्ये कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाला लागू पडतात. शिक्षक आळशी आहेत म्हणून हे झाले असे मी म्हणणार नाही. नोंदवही पूर्ण आहे का एवढेच तपासले गेले, म्हणून ती पूर्ण केली गेली. त्या नोंदीवरून शिक्षकाने पुढे काय केले, हे एकदा तरी विचारले गेले असते, तर उसनी वाक्ये तिथेच थांबली असती. "अक्षर सुधारणे आवश्यक" या नोंदीवर करता येण्यासारखे काही नसते. "जोडाक्षर आले की अर्धे अक्षर गाळतो, पुस्तक ऐवजी पुतक लिहितो" या नोंदीवर दुसऱ्या दिवशीचा तास उभा राहतो.

गुण आणि शेरा यांच्याबद्दल एक जुना अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी शाळेतल्या मुलांवर केलेला तो अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला ती मुले पुढे सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही, त्यांचे नुसते गुण मिळालेल्या मुलांसारखेच झाले. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी अशा सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला. शिकवता शिकवता मुलाचे समजणे तपासून त्याप्रमाणे शिकवणे बदलले तर शिकण्यात चांगली वाढ होते, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा जास्त फायदा होतो, असे त्यांना दिसले. आपल्याकडची आकारिक मूल्यमापनाची कल्पना याच विचाराची आहे. ती आपल्या हाताशी आहे, पंधरा वर्षांपासून आहे.

आता नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. पेपर वरून येतात, आम्ही तपासतो आणि राज्यभरातली शैक्षणिक माहिती गोळा करणाऱ्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर गुण भरतो. शाळेचे, केंद्राचे, तालुक्याचे चित्र राज्याला कळावे यासाठी अशा चाचण्या हव्यातच, त्यांना माझा विरोध नाही. माझी अडचण पुढची आहे. पेपर तपासून झाले, गुण भरले, की पाठपुरावा फक्त "किती टक्के भरले" याचा होतो. कोणत्या शाळेचे भरायचे राहिले त्याची यादी ग्रुपवर येते. मुलांनी लिहिलेल्या उत्तरपत्रिका मात्र कपाटात जातात. खरा ऐवज त्याच आहेत. केंद्रातल्या दहा शाळांच्या पाचवीच्या उत्तरपत्रिका एका सतरंजीवर मांडून भागाकाराचे एकच उदाहरण सगळ्यांनी मिळून पाहिले, तर भागाकारात शून्य कुठे गळते, किती मुलांचे गळते आणि कुठल्या शाळेत गळत नाही हे एका दुपारी कळेल. ज्या शाळेत गळत नाही तिथल्या शिक्षकाने काय केले, हे त्याच दुपारी त्याच्याच तोंडून ऐकता येईल. यासाठी तज्ज्ञ मार्गदर्शक नको, प्रोजेक्टरही नको.

विस्तार अधिकारी साहेब आणि मॅडम, तुमच्याच पदावरून राज्याला दिशा मिळाल्याचा इतिहास फार जुना नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या शाळांमधले, काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयानंतर तर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःचे ज्ञान स्वतः रचते हा विचार, हा शब्द गावोगाव पोचला. परत आल्यावर आपण सर्वांनी फरशा रंगवल्या. संख्यारेषा, बाराखडीचे तक्ते, मण्यांच्या माळा, सगळे झाले. तो रंग अजून कितीतरी शाळांत आहे, आणि त्याचा मुलांना उपयोग होतोही. पण फरशीवर मुलांबरोबर बसून त्यांच्या हातांकडे पाहणारा शिक्षक हा त्या पद्धतीचा गाभा होता. तपासायला रंग सोपा म्हणून रंग तपासला गेला, आणि गाभा हळूहळू मागे पडला. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे २०२६-२७ पर्यंत तिसरी अखेर पायाभूत वाचन आणि गणित येण्याचे ध्येय समोर आहे. तिथेही असेच होऊ नये एवढी कळकळ वाटते. स्तरनिहाय गट केले असा फोटो पाठवता येतो. त्या गटातले मूल महिन्याभराने त्याच गटात का बसले आहे, हे फोटोत येत नाही.

माझ्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण शिकवणे आणि शिकणे यांची फारकत इथे सर्वांत जास्त दुखते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले आई-वडिलांबरोबर कारखान्यांच्या भागात जातात. काही हंगामी वसतिगृहामुळे गावात राहतात, सगळी नाही. जाणाऱ्यांना आपण शिक्षण हमी पत्रक देतो. त्यावर नाव, वर्ग, वाचनाचा स्तर असतो. कोपीवरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवरून, जवळच्या शाळेत गेलेल्या मुलाला तिथल्या शिक्षकाने पहिल्या दिवशी काय शिकवायचे, हे त्या पत्रकावरून कळायला हवे. "स्तर : वाक्य" एवढ्याने कळत नाही. दोन ओळी जादा लिहायला जागा द्या : हे मूल वाचताना कुठे अडते आणि कशाने पुढे सरकते. पाठवणारा शिक्षक हे आनंदाने लिहील, कारण त्या मुलाबद्दल त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

आणि मुले परत येतात तेव्हा मोकळ्या हाताने येत नाहीत. सहावी-सातवीच्या मुलांना टनाचा भाव, खेपा, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती फिटली आणि किती राहिली हे तोंडी सांगता येते. मुकादमाच्या हिशोबात चूक असेल तर तीही ते दाखवतात. त्याच मुलाला वहीत शाब्दिक उदाहरण घातले की तो थांबतो. त्याला गणित येत नाही असे लिहिणे अन्याय आहे. त्याला येणारे गणित कागदावर आणण्याची वाट शिक्षकाने शोधायची आहे, आणि ती त्या मुलाला विचारल्याशिवाय सापडत नाही. उचलीचा हिशोब त्याच्याकडून ऐकावा, तो बोलेल तसा फळ्यावर मांडावा, मग चिन्हे घालावीत. इथे मूल आधी सांगते आणि शिक्षक नंतर शिकवतो. बंजारा तांड्यावरून पहिलीत आलेल्या लेकराचेही तसेच. आईवर चार वाक्ये बोल म्हटले तर ते गप्प बसते. त्याच्या गोरमाटी बोलीत आईला म्हणतात त्या याडीबद्दल सांग म्हटले की थांबवता थांबत नाही. त्या पहिल्या महिन्यात शिक्षकाने गोरमाटीतले शंभरेक शब्द शिकून घेतले तर वर्षभराचे काम सोपे होते. तुमच्या भेटीत "मुले बोलत नाहीत" असे दिसले तर कोणत्या भाषेत बोलत नाहीत, एवढे जरूर पाहा.

यात नवीन काहीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांनी कुरणशाळा काढली, जिथे गुरे चरतात तिथे शाळा नेली. मुलांची गैरहजेरी हा त्यांनी मुलांचा दोष मानला नाही, आपल्या शिकवण्याला मिळालेली माहिती मानली आणि शिकवण्याची जागाच बदलली. महाराष्ट्राच्या शिक्षणात इतके स्पष्ट उदाहरण असताना आपण दूरचे दाखले का शोधावेत, असे मला वाटते.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पदे रिक्त आहेत, एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा पदभार आहे, रोज तालुक्याहून माहिती मागवली जाते आणि ती आमच्याकडून गोळा करण्यातच तुमचा दिवस जातो. आमचाही त्यातच जातो : पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती, आधार, निवडणुकीची कामे. हे कमी व्हावे म्हणून संघटना भांडत आहेत, भांडत राहोत. ते होईपर्यंत तुमच्या अधिकारात असलेल्या गोष्टी मागते आहे.

भेटीला आलात की पहिली वीस मिनिटे कार्यालयात न बसता मागच्या रांगेत मुलांशेजारी बसा. कोणत्याही पाच वह्या मागवा, मागच्या आठवड्यातले एक पान आणि आजचे पान पाहा. मग शिक्षकाला एकच विचारा : "या चुकीनंतर तुम्ही काय वेगळे केलेत?" उत्तर मिळाले तर ते शेरेबुकात लिहा, कारण पुढच्या भेटीत तिथूनच बोलणे सुरू करता येईल. उत्तर नसेल तर ठपका ठेवू नका, शेजारी बसून त्याच्याबरोबर शोधा. तुम्ही स्वतः वर्गात शिकवलेले आहे, तुम्हाला सुचेल. बहुवर्ग असलेल्या शाळेत तर हे फार लागते. चार इयत्ता एका खोलीत असताना एका मुलाजवळ पाच मिनिटे बसायची तर बाकीच्यांना कोणते काम द्यायचे, याची युक्ती एखाद्या शिक्षकाकडे असते आणि शेजारच्या वाडीतल्या शिक्षिकेला ती माहीत नसते. ती पोचवणारे तुम्हीच.

घटक नियोजनात महिन्याला चार-पाच दिवस कोरे ठेवण्याची मुभा द्या. ते दिवस शिक्षकाने वह्यांवरून ठरवावेत. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती असेल तर एका केंद्रात एक सत्र करून पाहा आणि त्या सत्राच्या शेवटी मुलांची कामे तुम्हीच तपासा.

वर्णनात्मक नोंदी सर्व मुलांच्या, सर्व विषयांच्या, सर्व महिन्यांच्या मागू नका. महिन्याला दहा मुलांच्या खऱ्या नोंदी मागा, आणि प्रत्येक नोंदीखाली "पुढे काय केले" अशी एक ओळ. या दहा नोंदी पीडीएफमधून उतरवता येणार नाहीत.

आणि शिक्षण परिषदेची एक दुपार फक्त चुकांसाठी ठेवा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातली एक वही आणावी, मुलाचे नाव झाकून. सूचना, परिपत्रके, लिंक हे सगळे ग्रुपवर पाठवता येते, त्यासाठी सर्वांना केंद्र शाळेत बोलवायची गरज नाही. वह्या मात्र समोर ठेवूनच पाहाव्या लागतात.

आमच्या केंद्राची पुढची परिषद ठरली की विषय लवकर कळवावा. वजाबाकी ठेवणार असाल तर ३५ उत्तर असलेल्या वह्या आणि खेळातल्या नोटांचा डबा घेऊन मी येते.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा